कोणते तेंडुलकर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणेशोत्सवात प्रश्नमंजूषा घ्यायचं काम बरीच वर्षं माझ्या गळ्यात आहे. 'तेंडुलकर' हा शब्द प्रश्नात आला की मंडपात हमखास गोंधळ होतो. कुणी घाशीरामाचा लेखक सचिनचा काका ठरवतं, तर कुणी दारिद्र्यरेषेचं खापर क्रिकेटवर फोडतं. स्पर्धा संपल्यावर मंडपामागे चहा पिताना लोक जे विचारतात ते मी वहीत टिपत गेलो. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं लहानमोठी आहेत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे मी रेंगाळलो आहे.

विजय तेंडुलकर आणि सचिन तेंडुलकर यांचं नातं काय?

काहीच नाही. आडनाव एक, घरं दोन.

पहिलं घर नाटककार विजय तेंडुलकरांचं. व्यंगचित्रकार मंगेश तेंडुलकर हे त्यांचे धाकटे भाऊ आणि अभिनेत्री प्रिया तेंडुलकर ही त्यांची मुलगी. दुसरं घर प्राध्यापक रमेश तेंडुलकरांचं. नितीन, अजित, सविता आणि सचिन ही त्यांची मुलं, आणि अर्जुन हा नातू. ही दोन घरं मनात वेगळी ठेवली की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. बाकी राहिलेले तेंडुलकर, म्हणजे अर्थशास्त्रज्ञ सुरेश, गांधीचरित्रकार दीनानाथ आणि पत्रकार अयी, या दोन्ही घरांबाहेरचे.

मग सचिनचे वडीलही लेखक होते असं का म्हणतात?

कारण ते होतेच. रमेश तेंडुलकर कवी आणि समीक्षक होते, दादरच्या कीर्ती कॉलेजात मराठी शिकवायचे. कुटुंब वांद्रे पूर्वेच्या साहित्य सहवास वसाहतीत राहायचं. नावावरूनच कळतं की तिथे लेखकांचा शेजार होता. 'सचिनचे वडील मराठी साहित्यातले' एवढी अर्धी माहिती कानावर असते आणि मराठी साहित्यातले तेंडुलकर म्हटल्यावर विजयच डोळ्यांपुढे येतात. गोंधळ झाला तर त्यात लोकांचा दोष फारसा नाही.

त्यात तारखांनी आणखी भर घातली आहे. रमेश तेंडुलकर गेले १९ मे १९९९ रोजी आणि विजय तेंडुलकर गेले १९ मे २००८ रोजी. तारीख एक, साल वेगळं. इंग्लंडमध्ये विश्वचषक चालू असताना सचिन वडिलांच्या अंत्यविधीसाठी मुंबईला आला आणि परत जाऊन २३ मेला ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४० धावा काढल्या. शतकानंतर आकाशाकडे पाहणारा सचिन पुढे कायमचा ओळखीचा झाला. तो योगायोग नसून एका कवीचा मुलगा वडिलांना हाक मारत होता, असं मी तरी समजतो.

सचिन हे नावही वडिलांनीच, संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरच्या प्रेमातून ठेवलं. म्हणजे क्रिकेटच्या इतिहासातल्या सगळ्यात प्रसिद्ध नावाचा पहिला शब्द त्रिपुराच्या राजघराण्यातल्या एका संगीतकाराचा आणि शेवटचा कोकणातल्या एका खेड्याचा.

तेंडुलकर या आडनावाचा अर्थ काय?

'तेंडोलीचे'. तेंडोली हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या कुडाळ तालुक्यातलं गाव, आणि हे आडनाव त्या गावावरून आलं असं मानलं जातं. मराठीत गावाच्या नावाला 'कर' जोडला की त्या गावचा माणूस होतो. या 'कर'चा काम करण्याशी काही संबंध नाही. आचऱ्याचे ते आचरेकर, खानोलीचे ते खानोलकर, मंगेशीचे ते मंगेशकर.

आचरेकर हे उदाहरण मुद्दाम दिलं. ज्यांनी सचिनला घडवलं त्या रमाकांत आचरेकर सरांचं आडनाव मालवण तालुक्यातल्या आचरे गावचं. शिवाजी पार्कच्या मातीत गुरू-शिष्य उभे होते, पण दोघांच्या आडनावांतली गावं एकाच जिल्ह्यातली निघतात. त्यांना मैदानावर हे कधी आठवलं असेल असं वाटत नाही. चेंडू उंच मारला म्हणून ओरडा खाताना कुणाला तालुका आठवतो!

आणखी एक गंमत म्हणजे मालवणीत तोंडल्याला 'तेंडली' म्हणतात. त्यामुळे शाळेत तेंडुलकरांच्या वाट्याला ही थट्टा येतेच. आडनावाची व्युत्पत्ती मात्र भाजीवरून सांगू नका, मी गुण देणार नाही.

गावात राहणाऱ्या सगळ्यांचंच आडनाव तेंडुलकर असतं का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण उत्तर लोकांच्या अपेक्षेच्या उलटं आहे.

ज्या गावात सगळेच तेंडोलीचे, तिथे 'तेंडोलीकर' म्हणून ओळख पटणार कुणाची? गावात माणूस ओळखला जातो वाडीवरून, घराण्याच्या मानपानावरून, वतनावरून. गावचं नाव कामी येतं ते गाव सोडल्यावर. वेंगुर्ल्याच्या बाजारात, गोव्यात, बेळगावात किंवा मुंबईच्या चाळीत कुणी विचारलं, 'खंयचे तुम्ही?' की उत्तर येतं, 'तेंडोलीचे'. दोन पिढ्या हे उत्तर दिलं की तेच आडनाव होऊन बसतं. म्हणून मी म्हणतो, 'कर' लागलेलं आडनाव हे सुटलेल्या गावाचं नाव असतं. मुळं कुठे आहेत हे ते सांगतं, पण माणूस तिथून निघाला हे त्याहून ठळकपणे सांगतं.

प्रभुतेंडोलकर असंही आडनाव सिंधुदुर्गात आहे. त्यात आधी मान, मग गाव. अशा जोडनावांतला एक तुकडा पुढे गळून पडलेली घराणी कोकणात पुष्कळ आहेत.

आडनावं पक्की कधी झाली?

शाळेचं हजेरीपुस्तक, सरकारी नोकरीची नोंद, जमिनीचे कागद या गोष्टींनी ती पक्की केली. इंग्रजी अमलात प्रत्येकाला एका ठराविक रकान्यात काहीतरी लिहिणं भाग पडलं. त्याआधी एकच माणूस प्रसंगानुसार दोन-तीन प्रकारे ओळखला जाई.

याचं सर्वांत ठळक उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. घराण्याचं आडनाव सकपाळ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे मूळ गाव, म्हणून शाळेत आंबडवेकर नोंद झाली आणि तिचं पुढे आंबेडकर झालं. मास्टर दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशी गावावरून मंगेशकर हे आडनाव घेतलं आणि मुलांनी ते जगभर नेलं. ही दोन्ही आडनावं त्या त्या घरात एका पिढीत आली. आडनाव अनादी काळापासून चालत आलंय असं समजणाऱ्यांना मी हीच दोन उदाहरणं सांगतो.

तेंडुलकर, तेंडूलकर, तेंडोलकर यांपैकी बरोबर कोणतं?

ज्याचं आडनाव तो लिहील ते. मराठीत रूढ आहे ते तेंडुलकर, ऱ्हस्व डु. वर्तमानपत्रांत दीर्घ डू दिसतो तो बहुतेक घाईचा. तेंडोलकर हे वेगळं चालणारं रूप आहे आणि ते गावाच्या नावाच्या जास्त जवळचं आहे. इंग्रज समालोचक काय म्हणतात ते सोडून द्या. त्यांनी 'त'चा 'ट' केला तरी चेंडू सीमापार गेलाच.

सगळ्यात आधी प्रसिद्ध झालेले तेंडुलकर कोण?

माझं मत दीनानाथ गोपाळ तेंडुलकरांना. त्यांनी महात्मा गांधींचं इंग्रजी चरित्र लिहिलं, तब्बल आठ खंडांचं. १९५१ ते १९५४ या काळात ते खंड निघाले. प्रस्तावना पंडित नेहरूंची. छायाचित्रं आणि कागदपत्रं जमवण्यात विठ्ठलभाई झवेरी त्यांच्या बरोबर होते. नंतर भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने ते पुन्हा छापलं आणि आजही गांधींवर अभ्यास करणाऱ्याला त्याच्यापर्यंत यावंच लागतं. खान अब्दुल गफार खान यांचं चरित्रही त्यांनी लिहिलं, ते १९६७ मध्ये आलं.

स्पर्धेत हा प्रश्न टाकला की मंडप गप्प होतो. आठ खंड लिहिणारा माणूस लोकांच्या लक्षात नाही आणि रणजी सामन्यातला आकडा तोंडपाठ आहे. मला याचं वाईट वाटतं, हे लपवत नाही.

जुन्या परिचयांत काही तेंडुलकरांचा जिल्हा रत्नागिरी लिहिलेला सापडतो आणि मग वाद होतो. वाद नको. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधी कुडाळ, मालवण, वेंगुर्ले हे सगळं रत्नागिरी जिल्ह्यातच होतं.

जर्मनीत गेलेले तेंडुलकर कोण? ही दंतकथा आहे का?

दंतकथा वाटावी अशीच गोष्ट आहे, पण खरी आहे. अयी गणपत तेंडुलकर बेळगाव भागातले. शिकायला युरोपात गेले, बर्लिनमध्ये पत्रकारिता केली. तिथे त्यांचा विवाह झाला थेआ फॉन हार्बू यांच्याशी. 'मेट्रोपोलिस' या १९२७ च्या गाजलेल्या जर्मन मूकपटाची पटकथा लिहिणाऱ्या त्याच. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग हे त्यांचे आधीचे पती, त्यांचा घटस्फोट १९३३ चा. नाझी राजवटीत एका भारतीयाशी लग्न ही उघड करण्याची गोष्ट नव्हती, म्हणून ते गुपचूप झालं.

दुसरं महायुद्ध तोंडावर आलं तेव्हा अयी भारतात परतले. इथे इंदुमती गुणाजींशी त्यांची गाठ पडली. लग्नाला संमती देताना गांधीजींनी दोघांना काही वर्षं थांबायला लावलं. मधली वर्षं तुरुंगवासात आणि विरहात गेली आणि १९४५ मध्ये सेवाग्रामला गांधीजींच्या उपस्थितीत लग्न झालं.

आता गंमत बघा. एक तेंडुलकर गांधींचं चरित्र लिहितात आणि दुसऱ्या तेंडुलकरांचं लग्न गांधी लावून देतात. परीक्षकांनी 'गांधीजींशी संबंधित तेंडुलकर' असा मोघम प्रश्न विचारला तर दोन्ही उत्तरांना गुण द्यावे लागतील. एकदा माझ्यावर ही वेळ आली होती. तेव्हापासून प्रश्न नीट लिहितो.

विजय तेंडुलकरांवर एवढे वाद का झाले?

त्यांनी प्रेक्षकाला त्याच्याच घरात उघडं पाडलं म्हणून.

जन्म ६ जानेवारी १९२८. 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ मध्ये रंगायनने आणलं, दिग्दर्शन अरविंद देशपांडे, बेणारेबाई सुलभा देशपांडे. खोटा खटला खेळता खेळता एका अविवाहित शिक्षिकेचं आयुष्य सभ्य माणसं कसं फाडतात, हे त्यात आहे. तिथवर प्रेक्षकाने निभावून नेलं. 'गिधाडे' आलं आणि लोक चिडले. १९७२ साली 'सखाराम बाइंडर' आलं. निळू फुले सखाराम, लालन सारंग चंपा. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना करार करून घरात ठेवणारा बुकबाइंडर रंगमंचावर उभा राहिल्यावर सेन्सॉरची कात्री बाहेर आली, बंदी आली. दिग्दर्शक कमलाकर सारंग न्यायालयात गेले आणि नाटक सोडवून आणलं.

त्याच वर्षी १६ डिसेंबरला पुण्यात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, मोहन आगाशे नाना फडणवीस. नटांचीच भिंत, तीच उघडते, तीच मिटते. पुणेरी सभ्यतेवर आणि नानांच्या प्रतिमेवर घाव घातला म्हणून गदारोळ उठला. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेने १९ प्रयोगांनंतर ते थांबवलं. मग त्या मंडळींनी बाहेर पडून थिएटर अॅकॅडमी काढली आणि नाटक युरोपापर्यंत नेलं. ज्यांना 'हे नाटक नानांवर आहे' एवढंच दिसलं त्यांना त्यातली भिंत दिसली नाही, असं माझं म्हणणं. सत्ता आपला घाशीराम कसा तयार करते आणि काम झालं की कसा ठेचते, हे ते नाटक सांगतं, आणि त्यासाठी पेशवाई हा फक्त पोशाख आहे.

सिनेमातही त्यांचा हात मोठा. 'सामना', 'सिंहासन', 'निशांत', 'मंथन', 'आक्रोश', 'अर्धसत्य' यांच्या पटकथा त्यांच्या. 'मंथन'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८४ मध्ये पद्मभूषण, १९९३ मध्ये 'कन्यादान'साठी सरस्वती सन्मान. मराठी घराघरांत ज्या नाटकांची नावं मुलांसमोर घेत नसत, ती आज अभ्यासक्रमात आहेत.

'रजनी' म्हणजे प्रिया तेंडुलकर. त्यांनी वडिलांचं आडनाव का ठेवलं?

कारण ते त्यांचं स्वतःचं होतं. आपल्याकडे हा प्रश्न फक्त बाईला विचारतात, म्हणून एवढंच उत्तर.

आता रजनीविषयी. १९८५ साली दूरदर्शनवर बासू चटर्जींची ही मालिका आली. एक गृहिणी गॅसवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत ज्याला त्याला जाब विचारते, एवढंच सूत्र. पण लोकांना ते इतकं लागलं की भांडखोर बाईला 'रजनी' म्हणायची पद्धत पडली. त्या साली तेंडुलकर म्हटल्यावर घराघरांत प्रियाचाच चेहरा यायचा. सचिन तेव्हा बारा वर्षांचा, मैदानावर घाम गाळत होता. पुढे स्वतःच्या नावाचा गप्पांचा कार्यक्रमही तिने चालवला आणि मराठीत कथा लिहिल्या. 'ज्याचा त्याचा प्रश्न' हा तिचा कथासंग्रह मिळाला तर जरूर वाचा. तिच्या लेखणीकडे आपण पुरेसं पाहिलं नाही. १९ सप्टेंबर २००२ रोजी, पंचेचाळिशी ओलांडून दोन-तीन वर्षं झाली असताना, ती गेली. तेव्हा वडील हयात होते.

मंगेश तेंडुलकर कोण?

विजय तेंडुलकरांचे धाकटे भाऊ, पुण्याचे व्यंगचित्रकार आणि नाट्यसमीक्षक. त्यांची खासियत म्हणजे शब्दांशिवाय बोलणारी चित्रं. थोरल्या भावाची सगळी कमाई शब्दांची आणि धाकट्याने शब्दच वगळले, हे मला फार आवडतं. पुण्याच्या चौकांत उभं राहून ते वाहनचालकांना नियम पाळा म्हणून स्वतः काढलेली भेटकार्डं वाटत. पुणेकर दुचाकीस्वाराला शिस्त लावायचा प्रयत्न करणं हीच मुळात केवढी मोठी विनोदबुद्धी! २०१७ मध्ये पुण्यातच त्यांचं निधन झालं.

'तेंडुलकर समिती' सचिनची होती का?

नाही. पण हसू नका, हा प्रश्न अगदीच वेडगळ नाही. २०१५ मध्ये क्रिकेट मंडळाने सौरव गांगुली, लक्ष्मण आणि सचिन यांची सल्लागार समिती नेमली होतीच. बातम्यांत जी 'तेंडुलकर समिती' येते ती मात्र अर्थशास्त्रज्ञ सुरेश तेंडुलकरांची, आणि तिचा विषय होता गरिबी.

सुरेश तेंडुलकर दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्राध्यापक होते. राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे ते अध्यक्ष होते आणि पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचंही अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं. देशात गरीब कोणाला म्हणायचं, हे मोजायची पद्धत तपासायला नियोजन आयोगाने डिसेंबर २००५ मध्ये तज्ज्ञगट नेमला. अहवाल आला २००९ अखेर. आधीची पद्धत पोटात किती उष्मांक जातात याभोवती फिरायची. या गटाने शिक्षण आणि आरोग्यावरचा खर्चही हिशेबात घेतला.

मग ३२ रुपयांचा वाद त्यांच्यामुळेच झाला ना?

इथे लोकांची स्मरणशक्ती त्यांच्यावर अन्याय करते.

सप्टेंबर २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं: शहरात माणशी रोज ३२ रुपये आणि गावात २६ रुपये ही रेषा. देशभर संताप उसळला, आणि रास्तच उसळला. आकडे तेंडुलकर पद्धतीवरून काढलेले होते, त्यामुळे नाव त्यांचं आलं. पण ते स्वतः उत्तर द्यायला नव्हते. २१ जून २०११ रोजी, तीन महिने आधी, त्यांचं निधन झालं होतं.

आणि ज्या गोष्टीसाठी त्यांना बोल लावतात तिच्या नेमकं उलट त्यांनी केलं होतं. आधीच्या लाकडावाला तज्ज्ञगटाच्या जुन्या पद्धतीप्रमाणे २००४-०५ मध्ये देशातले २७.५ टक्के लोक गरीब होते. तेंडुलकर गटाने त्याच वर्षाचा आकडा ३७.२ टक्क्यांवर नेला, ग्रामीण भागात ४१.८. गरिबी कमी दाखवणारा माणूस म्हणून जो लक्षात राहिला, त्याने मोजणीत कोट्यवधी गरीब वाढवले होते. पुढे २०१३ मध्ये याच पद्धतीने २०११-१२ ची गरिबी २१.९ टक्के निघाली. मासिक रेषा गावात ८१६ रुपये आणि शहरात १००० रुपये होती. रेषा फार खाली आहे, ही टीका तरीही उरतेच. रंगराजन गटाने २०१४ मध्ये ती वर सरकवली आणि त्याच वर्षाचा आकडा २९.५ टक्के केला.

एक निरीक्षण, विषयाला धरूनच. दारिद्र्यरेषा आधी लाकडावाला, मग तेंडुलकर, मग रंगराजन. पहिलं नाव धंद्याचं, दुसरं गावाचं, तिसरं चक्क देवाचं. गरीब मात्र तेच.

सचिनबद्दल वेगळं काही सांगण्यासारखं उरलंय का?

फारसं नाही, आणि म्हणूनच थोडक्यात. जन्म २४ एप्रिल १९७३. १५ नोव्हेंबर १९८९ ला कराचीत पहिली कसोटी, वय १६. पहिल्या डावात १५ धावा काढून वकार युनूसच्या चेंडूवर त्रिफळाचीत. वकारचीही ती पहिलीच कसोटी. शेवट १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर, २००वी कसोटी. मधल्या चोवीस वर्षांत कसोटीत १५,९२१ आणि एकदिवसीय सामन्यांत १८,४२६ धावा, शतकं शंभर. निवृत्तीच्याच दिवशी भारतरत्न जाहीर झालं, शास्त्रज्ञ सी. एन. आर. राव यांच्याबरोबर. खेळाडूला मिळालेलं ते पहिलं. २०२५ पासून इंग्लंड-भारत कसोटी मालिकेतला करंडक अँडरसन-तेंडुलकर या नावाचा आहे. म्हणजे तेंडोली गाव आता चांदीवर कोरलं गेलंय, वर्तनी इंग्रजी असली तरी.

'तेंडल्या' हे त्याला मराठी माणसाने दिलेलं नाव. प्रेमाने आडनावाचीच मोडतोड करायची आपली जुनी खोड आहे.

अर्जुन गोव्याकडून का खेळतो? मूळ गाव जवळ म्हणून?

नाही हो. मुंबईच्या संघात खेळायची संधी पुरेशी मिळेना, म्हणून २०२२ मध्ये तो गोव्याकडे गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रणजी पदार्पणात राजस्थानविरुद्ध १२० धावा काढल्या. वडिलांनीही डिसेंबर १९८८ मध्ये मुंबईकडून गुजरातविरुद्ध रणजी पदार्पणात शतक काढलं होतं. फरक एवढाच की मुलगा मुळात डावखुरा वेगवान गोलंदाज. पण नकाशा पाहिला तर एक गोष्ट दिसतेच. कुडाळाहून मुंबईपेक्षा पणजी कितीतरी जवळ. गावचं आडनाव घेऊन मुंबईला गेलेल्या घरातला मुलगा खेळायला परत त्याच टापूत आला.

असं दुसरं आडनाव आहे का?

कितीतरी आहेत, पण माझं लाडकं खानोलकर. वेंगुर्ले तालुक्यातल्या खानोलीवरून आलेलं. कवी आरती प्रभू, म्हणजेच चिं. त्र्यं. खानोलकर. विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर, ज्यांनी भारतात कर्करोग संशोधनाचा पाया घातला. आणि सावित्रीबाई खानोलकर, ज्यांनी परमवीर चक्राची रचना केली. सावित्रीबाई जन्माने स्वित्झर्लंडच्या, लष्करी अधिकारी विक्रम खानोलकरांशी लग्न करून इथे आल्या. आडनावावरून माणसाचं गाव ओळखणाऱ्यांनी त्यांचं गाव ओळखून दाखवावं.

एक आडनाव म्हणजे एक जात, एक कुळ, असं धरायचं का?

नाही. गावाचं नाव गावातून निघालेला कुणीही लावू शकतो. म्हणून एकाच 'कर' आडनावाची माणसं वेगवेगळ्या जातींत आणि कधी वेगळ्या धर्मांतही सापडतात. लग्न जुळवणाऱ्यांना हे कधीच माहीत असतं, म्हणून ते आडनावावर थांबत नाहीत. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव असं सगळं विचारत बसतात.

माझंही आडनाव तेंडुलकर आहे. या प्रसिद्ध मंडळींशी नातं कसं शोधू?

आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला गाठा आणि तीन गोष्टी विचारा. कुलदैवत कोणतं, देवाला नवस फेडायला किंवा जत्रेला कुठे जायचे, आणि मुंबईला किंवा बेळगावला पहिलं कोण आलं. मग पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधा, त्यावर जन्मगाव असतं. गावी जमीन असेल तर जुने फेरफार पाहा, त्यात वारसांची नावं ओळीने मिळतात. कुलदैवत गोव्यात असेल तर तिथल्या देवस्थानाच्या महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या मानकरी घराण्यांच्या, यादीत घराणं सापडायची शक्यता आहे. हे सगळं करताना नावं बापाकडूनच लिहिलेली मिळतील, आज्या-पणज्यांची माहेरं मात्र विचारूनच घ्यावी लागतील. ती आजच विचारा, कारण कागदावर ती सापडणार नाहीत.

एवढं करून सचिनशी नातं निघालं तर मला कळवा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुरुस्त करीन.